झाडांखालचं जंगल

मुळशी खोऱ्यात आम्ही रोपवाटिका सुरू केली तेव्हा आमच्या यादीतही सगळ्यांसारखीच झाडं होती: जांभूळ, हिरडा, बेहडा, अर्जुन, करंज, बहावा. लोक तीच मागायचे, आजही मागतात. पुढे आमची रोपं जिथे लागली त्या जागा पाहायला मी जाऊ लागले. झाडं जगली होती, डोक्याच्या वर गेली होती. पण खाली पाहावं तर उघडी लाल माती, नाहीतर घाणेरी आणि रानमोडी माजलेली. शेजारच्याच एका मालकीच्या जुन्या रानात मात्र त्याच जातीच्या झाडांखाली दशमुळी, सालवण, चित्रक, शिंदळवण, नेचे अशी गुडघाभर दाटी. तेव्हापासून ही खालची रोपं बियांपासून तयार करायच्या मी मागे लागले.

हा थर शोभेचा नाही. आमच्याकडे ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. मोठ्या पानावर साचून निथळणारा थेंब आभाळातून आलेल्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि तो उंचावरून नागव्या मातीवर आदळला की माती उखडते. सागाच्या लागवडीतून पावसाळ्यात वाहणारं लालभडक पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मधे झुडपं असली, खाली पानं पसरलेली असली, तर तो थेंब तिथेच मोडतो. शिवाय खालच्या झुडपांवर जगणारे जीव वेगळे. पंख मिटले की हुबेहूब वाळलेलं पान दिसणारं ब्ल्यू ओकलीफ फुलपाखरू आमच्या रानात आहे, कारण त्याच्या अळ्यांना कारवीच्या कुळातली झुडपं इथे मिळतात. वर कितीही झाडं लावा, त्या अळीला त्यांचा उपयोग नाही.

बी आणायचं कुठून, हा पहिला प्रश्न. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून आम्ही मालकीच्या रानांतून, मालकाला विचारून बी घेतो. तेही एका ताटव्यातून थोडंच. बाकीचं त्या रानाचं.

दशमुळीने मला सर्वांत जास्त शिकवलं. हिवाळ्यात तिला निळी फुलं येतात आणि सुकताना ती तांबूस होतात. मग बोंडं धरतात. हिरवी तोडली तर बी पोचट निघतं. पुरती वाळू द्यावीत तर उन्हं तापली की ती फट्‌कन उकलतात आणि बी लांब उडून जातं. हाती यायचं ते मधल्या काळात, बोंड तपकिरी व्हायला लागलं की. तुरे देठासकट कापून आम्ही कागदी पिशवीत घालतो आणि तोंड घट्ट बांधतो. मग रात्रभर त्या पिशव्या तडतडत असतात. सकाळी उघडल्या की तळाशी चपट्या बिया. एका बीवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अंगाला चिकटून बसलेली बारीक लव पाहता पाहता उभी राहते आणि बी सब्ज्यासारखी बुळबुळीत होते. उतारावरच्या रानात पहिल्या सरीबरोबर वाहून न जाता जागच्या मातीला धरून राहायची तिची ही सोय. म्हणून दशमुळी आम्ही खोल पेरत नाही. चाळलेली माती, वाळू आणि कुजलेला पाला यांच्या वाफ्यावर नुसती भुरभुरतो, वर चिमूटभर माती, आणि पाणी बारीक झारीनेच. पाइपची धार लागली की सगळं वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमा होतं.

सालवणीची तऱ्हा निराळी. शेंगांचे तुकडे कपड्यांना चिकटून आपोआप घरी येतात, बी गोळा करायला त्रास नाही. पण ती कडधान्याच्या कुळातली, वरचं कवच टणक, पाणी आत शिरत नाही. बी पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासायचं आणि रात्रभर भिजत ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी पेरायचं, न फुगलेलं पुन्हा घासायचं. काम एवढंच, पण न कंटाळता करावं लागतं. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी एक असलेली ही सालवण औषधासाठी मुळासकट उपटली जाते, म्हणून तिची रोपं करणं मला जास्तच निकडीचं वाटतं.

शिंदळवण ही रानातली हळद. बी पिकतं ते कणसातल्या पावसाच्या पाण्यात, आणि बीवरच्या पांढऱ्या गरासाठी मुंग्या टपलेल्या असतात. आमच्याकडे ताजं पेरलेलंच उगवलं, वाळवून ठेवलेलं नाही. पहिल्या वर्षी एकच अरुंद पान येतं. पाऊस सरला की ते पिवळं पडतं, गळतं, आणि पिशवीत नुसती माती उरते. नवखा माणूस ती पिशवी ओतून मोकळा होईल. आत बारीकसा कंद जिवंत असतो. आम्ही पिशवीवर खडूने खूण करतो, पाणी तोडतो आणि सावलीत रचून ठेवतो. वळवाचा पाऊस झाला की मातीतून कोंब वर येतो.

उगवल्यावर खरी पारख. पहिल्या दोन पानांवर तण कुठलं आणि आपलं कुठलं, हे आमच्या कातकरी मावशींइतकं कुणालाच कळत नाही. "ताई, हे नका उपटू, ही चित्रकाची जात हाय," असं म्हणत त्या माझा हात धरतात. त्यांना पुस्तकातली नावं ठाऊक नाहीत, पण पावसाळाभर रानभाज्यांसाठी जमिनीकडे पाहत त्या मोठ्या झाल्या आहेत. रोपवाटिकेत अशा माणसाला मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून मोबदला मिळायला हवा.

सगळंच रोपवाटिकेत होत नाही. भुईआमरी या ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं आणि विशिष्ट बुरशीच्या सोबतीशिवाय रुजत नाही. ती जिथे आहे तिथेच राखावी. कारवी आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते, बी धरते आणि मरते. आपल्या डोंगरावर ती कधी फुलली याची नोंद ठेवली नाही, तर बी हुकलं आणि पुढची वाट आठ वर्षांची.

या जूनमध्ये तुम्ही कुठे झाडं लावणार असाल, तर रोपवाटिकेत दशमुळी, सालवण, चित्रकही मागा. पहिल्या वर्षी नको, झाडांची सावली पडू लागली की लावा. रोपवाटिकावाला नाही म्हणेल. पुढच्या वर्षी पुन्हा मागा. मागणी असल्याशिवाय कुणी ती रोपं करणार नाही. आणि तोवर झाडांखालचा पालापाचोळा झाडून जाळू नका.