मधुमालतीचा मांडव

आजी लग्न होऊन वऱ्हाडातून मोगलाईत आली, तेव्हा पैनगंगा ओलांडताना तिच्या ट्रंकेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मधुमालतीची काडी होती. माहेर पांढरकवड्याचे. आदिलाबादच्या आमच्या परसात तिने ती काडी लावली. १९५६ साली प्रांत बदलले, किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडेच राहिलो, वेलही राहिला. तेलुगू शेजारणी त्याला राधामनोहरम् म्हणत आणि परडी भरून फुले नेत.

हा वेल आरंभी वेल वाटतच नाही. झुडपासारखा सालस उभा राहतो. मग एकाएकी लांब फांद्या सोडतो, पाने गळतात, देठांचे बुंधे काट्यांसारखे राहतात आणि त्यांच्या आधाराने तो वर चढतो. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसने हे रूपांतर पाहून त्याला ‘कोण? कसा?’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, ते उगाच नव्हे. सायंकाळी पांढरे उमललेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी व पुढे लाल होते. रात्री पांढऱ्या फुलांवर पतंग येतात, दिवसा रंगीत फुलांवर मधमाश्या. त्या सुगंधात आमच्या घरच्या दोन पिढ्यांची बाळंतपणे झाली.

परसातला कडुनिंब मात्र आमच्या घराहून जुना. वेलाने तो पुरता झाकला, तेव्हा आम्ही कौतुकच केले. कौले उचलली गेली, ती बसवून घेतली. मुळांतून फुटणारे फुटवे भिंतीपलीकडे निघाले, शेजाऱ्यांनी तक्रार केली. आम्हांस तो कोतेपणा वाटला! काकूंनी तर ‘सासूबाईंच्या हातचे आहे’ म्हणून कोयता लावू दिला नाही. दोन वर्षे पाडव्याच्या गुढीला कडुनिंबाची डहाळी शेजारून मागून आणावी लागली, तरी आम्हांस उमगले नाही.

उमगले ते गड्याच्या बोलण्याने. शेतावरचे ते गोंड गृहस्थ वर पाहून इतकेच म्हणाले, “फूल बेस हाय, पन झाडाचं काय?”

त्या रात्री झोप आली नाही. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम गोळीला बळी पडले, ते जल-जंगल-जमिनीसाठी. पुढे हायमेनडॉर्फ यांनी या जिल्ह्यातील राजगोंडांविषयी लिहिताना बाहेरून आलेल्यांच्या हाती गेलेल्या जमिनींची हकीकत नोंदवली आहे. आजोबांच्या शेतात आमच्याआधी कोणाचा नांगर चालत होता, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. आम्ही स्वतःस अल्पसंख्य समजत आलो, मराठी शाळांच्या काळजीत राहिलो. ते खोटे नव्हते, पण तेवढेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकूंशी बोललो. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सगळा नका काढू रे.” चार दिवस कापणी चालली. एक बुंधा फाटकाशी लोखंडी कमानीवर ठेवला आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्यास फुटवे खणून काढावे लागतात, आणि तरी एखादा सापडतोच.

कडुनिंबाची पूर्वेकडील एकच फांदी यंदा चैत्रात पालवली. गुढीपुरती डहाळी तिच्यावर होती. काकूंनी ती तोडू दिली नाही. यंदाही शेजारूनच आणली.