मुंगसाने नेलेला कोंबडा



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका बहिणीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, नाताळाला घरच्या कोंबड्या कापायच्या आहेत. पोरांनी हातानं दाणे घालून वाढवल्यात. मला रात्रीची झोप नाही. लोक हसतील म्हणून कुणाला बोलले नाही."

मी हसले नाही, पण उत्तरही धड दिलं नाही. उत्तर द्यायचं तर आधी माझी एक लबाडी सांगावी लागली असती, आणि आजूबाजूला माणसं उभी होती. ती आज इथे सांगते.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या कडेला. यजमान गोव्यात कामाला, पंधरा दिवसांनी घरी येतात. तीन वर्षांपूर्वी मी गिरिराज जातीची १२ पिल्लं आणली. ही जात बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली. परसात चरून वाढते आणि गावठीपेक्षा लवकर भरते. तीन पिल्लं घारीनं नेली, एक पावसात गारठून गेलं, आठ उरली. त्यातला एक तांबडा कोंबडा, उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं. रोज सकाळी तो कुंपणाच्या कडेनं गस्त घालायचा, म्हणून माझ्या धाकट्यानं त्याचं नाव ठेवलं हवालदार. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी हवालदाराला चिरमुरे.

नाताळाच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार होते. मुलगा खेळायला गेलेला बघून मी हवालदाराला पिशवीत घातलं, मान तेवढी बाहेर, आणि बाजारातल्या दुकानात नेलं. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. पाच मिनिटांत पिशवी परत हातात आली, गरम. पाय आमच्या कुत्र्यासाठी वेगळे बांधून दिले होते.

मुलाला सांगितलं, मुंगसानं नेला.

तो अंधार पडेपर्यंत बॅटरी घेऊन कुंपणाच्या कडेनं पिसं शोधत फिरला. रात्री पाहुण्यांबरोबर जेवला. रस्सा दोनदा मागून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा मागच्या दारी काहीतरी चघळत बसलेला, आणि हा त्याच्यासमोर उकिडवा बसून बघतोय. वाकडं बोट मी ओळखलं त्याच्याही आधी त्यानं ओळखलं होतं. रडला नाही. मला एवढंच विचारलं, "मम्मी, मी पण खाल्लो काय त्याला?"

कुमसाराला गेले तेव्हा फादरांनी कोंबड्याबद्दल काहीच विचारलं नाही. "मुलाजवळ माफी मागितली का?" एवढंच. मागितली नव्हती. कोंबडी कापणं हे काही पाप नव्हे, हे तर मला ठाऊकच होतं. नोहाला जलप्रलयानंतर परवानगी मिळाली ती आपणही घेतोच. पाप कुठे होतं ते मी चुकीच्या जागी शोधत होते.

माफी मागितली. तो "बरं" म्हणाला. पोरं मोठ्यांना फार स्वस्तात सोडतात.

मी धर्मशिक्षणाच्या वर्गात कितीतरी वर्षं निर्गमाचा १२ वा अध्याय शिकवते. वल्हांडणाचं कोकरू, दाराच्या चौकटीवर रक्त, घाईघाईचं जेवण, सगळं पाठ. पण त्यातला एक हिशेब त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत शिरला. कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं आणि मारायचं चौदाव्या दिवशी संध्याकाळी. मधले चार दिवस ते राखायचं, आपल्याजवळ. त्या घरांत लेकरं असतील. चार दिवसांत लेकरू कोकराला पाला घालेल, गळ्यात हात टाकून बसेल, नाव तर पहिल्याच दिवशी ठेवेल. ते दिवस का ठेवले याचं उत्तर विद्वान देतील. मला एवढंच दिसलं की निवडल्याबरोबर कापा असं देवानं सांगितलं नाही. अनोळखी जनावर आणून पाठ फिरवून उभं राहायची सोय त्या रात्री कुणालाच नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी घरीच करायचं ठरवलं. शेजारच्या काकींना बोलावलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, हात अजून घट्ट. आणि पहिला कोंबडा मी बिघडवला, हेही लिहिते, म्हणजे तुमच्यावर ती वेळ येऊ नये. स्वयंपाकघरातली भाजीची सुरी घेतली होती. हात थरथरत होता, दया आली म्हणून हलक्या हातानं ओढली. अर्धवट कापलं गेलं. काकींनी माझ्या हातातून सुरी घेऊन एका ओढीत संपवलं आणि म्हणाल्या, "तुझी दया त्याला महाग पडली गं."

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्यांच्याकडून जे शिकले ते असं. आदल्या दिवशी संध्याकाळपासून दाणे बंद, पाणी मात्र ठेवायचं. पोट रिकामं असलं की साफ करताना घाण होत नाही. पक्षी रात्रीच, अंधारात खुराड्यातून उचलून वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा. अंधारात तो शांत असतो, सकाळी अंगणभर पळवून धरायची वेळ येत नाही. सुरी दगडावर घासून अशी करायची की कागद नुसत्या वजनानं कापला जावा. तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा तळ कापून तो उलटा भिंतीला अडकवला की कोंबडा त्यात डोकं खाली करून गच्च बसतो, पंख आपटत नाही, आणि एकट्या बाईला दोन्ही हात मोकळे राहतात. जबड्याच्या अगदी खाली, दोन्ही बाजूंच्या शिरा, खोल आणि न थांबता. नंतर अंग झटके देतं. पहिल्यांदा बघताना काळीज हलतं, पण ते दुखणं नव्हे, काकी म्हणतात, "तो गेला, आता अंग तेवढं हलतंय."

पाणी उकळतं नको, कातडी फाटते. साधारण ६० ते ६५ अंश, पाऊण मिनिट बुडवून हलवायचं. शेपटीचं पीस सहज सुटलं की काढायचं. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं कडू. आणि घरी कापलेला कोंबडा लगेच चुलीवर चढवू नये, काही तास थंड ठेवला तरच मऊ शिजतो. त्या वेळात आपणही अंघोळ करून जरा बसावं. मला पहिल्या दिवशी घास गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला. ज्याला अजिबात जमत नाही त्यानं खुशाल दुसऱ्याला द्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त घरातल्या माणसांना मुंगसाची गोष्ट सांगू नये.

काही जण सल्ला देतात की नावंच ठेवू नका, मग त्रास होत नाही. मला हा सल्ला पटलेला नाही. बाजारातल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना कुणी नाव ठेवत नाही, आणि रविवारी त्या दुकानासमोर रांगेत उभे असताना आपण काय बोलत असतो ते आठवून बघा. भाव बोलतो.

मुलाला मी बघायला बोलावत नाही आणि लपवतही नाही. गेल्या वर्षी तो स्वतःच येऊन उभा राहिला. कापून झाल्यावर खाली सांडलेल्या रक्ताकडे बघत होता. मी त्याला सांगितलं की लेवीयाच्या १७ व्या अध्यायात शिकारीच्या पशुपक्ष्यांचं रक्त जमिनीवर ओतून मातीनं झाकायला सांगितलंय, कारण जीव रक्तात असतो. तो नियम जुन्या करारातल्या लोकांसाठी, हेही सांगितलं. तो खोरं घेऊन आला आणि त्यानं माती ओढली. तेव्हापासून ते काम त्याचंच.

यंदा खुराड्यात नऊ आहेत. बाराव्या वर्षी पोरगा शहाणा झाला असेल, नावं ठेवायची सोडेल असं वाटलं होतं. नऊच्या नऊ नावं ठेवून झालीत, आणि नाताळाच्या आदल्या रात्री बॅटरी घेऊन कुणाला उचलायचं तेही तोच नावानं सांगणार आहे.

त्या बहिणीला मी निरोप पाठवलाय, शनिवारी सकाळी सुरी घेऊन येते म्हणून.