लंगड्याची पेटी

बदलीच्या नोकरीत माणसाचे पंचांग टिकत नाही. चैत्र-वैशाख सर्वत्र येतात खरे. परंतु ज्या फळांवरून आपण ते लहानपणी ओळखले, ती फळे नव्या गावी त्याच महिन्यांत भेटतील असे नाही. कोकणचा हापूस वैशाखात भरात असतो आणि मृगाच्या सरींबरोबर निरोप घेतो. काशीच्या लंगड्याला त्याच सुमारास पाड लागतो. म्हणून आमच्या घरी आंब्याचे दोन हंगाम होतात. पहिला रत्नागिरीहून येणाऱ्या पेटीचा. ती उघडताना आम्ही वडीलधारी माणसे जवळजवळ सोवळ्यात असल्यासारखी वागतो. दुसरा हंगाम मुलांचा. तो गल्लीतल्या हातगाडीवरून येतो आणि त्याला सोवळे लागत नाही.

आमचे बिऱ्हाड भोसले घाटावरच्या एका जुन्या घरात आहे. हा घाट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांनी बांधविला. एका बाजूस शिंदे घाट, दुसऱ्या बाजूस राम घाट. नावे अशी घरच्या ओळखीची की नवा आलेला मराठी मनुष्य पहिले चार दिवस आपण परमुलखात आहोत हे विसरतो. येथे दगड आहे, पाणी आहे. झाडे मात्र मोजकीच. फांदीवरचा आंबा मुलांना दाखवायचा तर सारे शहर ओलांडावे लागते.

यंदा तो योग आणावा लागला. थोरला दहावी उत्तीर्ण झाला आणि पुढील शिक्षणासाठी पुण्यास, त्याच्या मामाकडे, जाण्याचे ठरले. तीन गावांतल्या तीन शाळा झाल्यावर आता त्याचे शिक्षण एका जागी व्हावे, हा आम्हा उभयतांचाच निर्णय. फिरतीच्या नोकरीतील प्रत्येक घरात हा दिवस येतो. त्याविषयी बोलले फारसे जात नाही, इतकेच. महाराष्ट्रातली महाविद्यालये उघडण्याचे दिवस जवळ आले होते, तिकीट तीन दिवसांनंतरचे होते. सहल मात्र निघाली धाकटीच्या नावावर. तिला जनावरे पाहायची होती.

पहाटे गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत पायी गेलो. तेथे काशीचे लोक जिला टोटो म्हणतात ती विजेवरची रिक्षा मिळाली. वरुणा ओलांडून सारनाथला पोहोचलो तेव्हा ऊन अजून कोवळे होते. ज्याला मृगदाव म्हणत, त्या भूमीवर आजही कुंपणाआड चितळे ठेवली आहेत. धाकटीला जातकातली गोष्ट सांगितली. काशीच्या राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एका हरणाने पाळीने मरावे असा ठराव होता. एकदा पाळी गाभण हरिणीवर आली, तेव्हा कळपाचा राजा स्वतःच तिच्या जागी जाऊन उभा राहिला. ते पाहून राजाचे मन द्रवले आणि त्याने सर्वच प्राण्यांना अभय दिले. धाकटीने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “मग ते पाडस आईजवळच राहिले ना?” मुलांची आई म्हणाली, “राहिले.” आणि पाण्याची बाटली शोधण्यासाठी ती पिशवीत बराच वेळ हात घालून बसली.

संग्रहालयात अशोकस्तंभाचे शिल्प आहे. चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेले आणि त्यांच्या पायांखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल व सिंह. २६ जानेवारी १९५० रोजी ही राष्ट्राची मुद्रा झाली. आमच्या नेमणुकीच्या आणि बदलीच्या प्रत्येक हुकुमावर ती माथ्याशी असते. कागदावर मात्र घोडा आणि बैल एवढेच दिसतात; हत्ती कागदाच्या पाठीशी राहतो. धाकटीने फेरी मारून तो शोधून काढला आणि दादाला ओढत नेऊन दाखविला.

तेथून पुढे चिरईगावच्या वाटेवर एका ओळखीच्या गृहस्थांची आमराई आहे. मोहोर आला की बाग व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची इकडे रीत आहे. मग फळ उतरेपर्यंत रखवालदार बायकामुलांसह बागेतच मुक्काम ठोकतो. झाड दुसऱ्याचे, फळ तिसऱ्याचे आणि राहणे हंगामापुरते! त्याची आणि आमची ओळख पटण्यास वेळ लागला नाही. खोपटाशी एक म्हैस, चार शेळ्या आणि नुकतीच झालेली दोन करडे होती. दिवसा पोपट, रात्री वटवाघळे आणि शेताच्या बाजूने रोही, या सर्वांशी त्याचे एकट्याचे युद्ध चालते. धाकटीने एक करडू मांडीवर घेतले, ते निघेपर्यंत खाली ठेवले नाही.

आमच्या आईने कुंपण पाहिले आणि ती थबकली. “अगंबाई, करवंदी!” चिरईगावची करवंदे या भागात प्रसिद्ध आहेत, परंतु ती सह्याद्रीतल्यासारखी वैशाखात काळीभोर होत नाहीत. पावसाळ्यात टपोरी, तांबूस होतात आणि लोणच्या-मुरंब्यात जातात. आईने एक हिरवे करवंद दाताखाली धरले, तोंड वाकडे केले, आणि तरीही मूठभर पदरात बांधून घेतले.

रखवालदाराने झेल्याने फळे उतरविली. या जातीचे मूळ झाड काशीत एका पायाने अधू असलेल्या साधूपाशी होते म्हणून नाव लंगडा पडले, अशी दंतकथा त्याने सांगितली. साल पातळ, कोय लहान, वास घमघमीत. आणि पिकला तरी रंग हिरवाच. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळाले, बनारसी लंगड्याला २०२३ साली; तेव्हा सरकारदप्तरी दोघे आता सारख्याच योग्यतेचे आहेत. आईला हा दाखला मान्य नाही. तिच्या मते दुसरा आंबा हा आंब्याच्या जातीचा असतो, आंबा नसतो.

परतीच्या वेळी थोरल्याने प्रथमच काही मागितले. पुण्याला न्यायला त्याला लंगड्याची एक पेटी हवी होती. मामाकडे हापूस येतो, असे आम्ही म्हटले. तो म्हणाला, “तो तुमचा आंबा. मला आपला न्यायचा आहे.”

आम्ही उभयता गप्प राहिलो. इतकी वर्षे पेटी रत्नागिरीहून काशीला येत होती. ती काशीहून उलट निघेल हे आमच्या हिशेबात नव्हते. नागपूरच्या भोसल्यांनी येथे पायऱ्या बांधल्या, त्या येथेच राहिल्या. आम्ही काही बांधले नाही. मात्र मुलाने आमच्या नकळत येथे घर केले होते, आणि तेथूनच आता त्याला उठायचे होते.

आई पुढे झाली. पेंढा कोरडा आहे ना, हे तिने रखवालदारणीला मराठीत विचारले. तिने भोजपुरीत उत्तर दिले, आणि दोघींनी मिळून पेटी भरली. देठ खाली करून एकेक फळ आईने स्वतः लावले. “प्रवासातच अढी बसेल,” ती नातवाला म्हणाली. “पण मामीला नीट सांग हो. हिरवे दिसले म्हणून लोणच्याला चिरायला घेईल. पिकलेय की नाही ते रंगावरून नव्हे, वासावरून पाहायचे.”