चार फुटांची रब्बी

पुण्यात मे महिन्यात ऊन कुठे असतं असं विचारलं तर लोक वेड्यात काढतील. सगळीकडे असतं. फक्त आमच्या गॅलरीत नसतं.

चौथ्या मजल्यावरची, नऊ फूट लांब, चार फूट रुंद, दक्षिणेकडे तोंड केलेली गॅलरी. डोक्यावर पाचव्या मजल्याचा स्लॅब. १३-१४ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी पुण्याच्या अगदी माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी नाहीशी होते. त्या शून्य सावलीच्या दिवसानंतर तो उत्तरेकडे कलतो आणि जुलै सरता सरता माघारी फिरेपर्यंत आमच्याकडे पाठ करून चालतो. तेवढे दिवस मागच्या बाजूच्या फ्लॅटवाल्यांना ऊन, आम्हाला नुसता उजेड. दिवाळीच्या आगेमागे मात्र ऊन कठडा ओलांडून आत उतरायला लागतं आणि मार्गशीर्ष-पौषात थेट हॉलच्या फरशीवर येऊन बसतं. संक्रांतीला सगळे उत्तरायणाचं कौतुक करतात, तिळगूळ वाटतात. मी मनातल्या मनात सूर्याला थांब म्हणत असते.

तेव्हा आमच्याकडे खरीप नाही. आहे ती रब्बी. पावसाळाभर पुदिना, पानांचा ओवा आणि अळू एवढीच मंडळी उजेडावर भागवतात. दसऱ्याला रंगाच्या रिकाम्या बादल्या आणि थर्माकोलचे खोके बाहेर निघतात. माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं कालवून पेरणी.

धने पेरायचे ते सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्या माणदेशातल्या, पावसाने दगा द्यायचा आणि माणसाने तरी पेरायचं, यात जन्म गेला. "चपलेनं रगड आधी. आख्खा टाकलास तर आळशावानी पडून ऱ्हाईल." धना म्हणजे खरं तर फळ, आत दोन बिया एकमेकींना चिकटून असतात. चपलेखाली तो कुरकुरतो आणि दुभंगतो, पडवीभर वास सुटावा तसा वास चार फुटांत कोंडतो. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. एके सकाळी माती जराशी उचललेली दिसते. पहिली दोन पानं लांबट, सरळ, गवतासारखी. कोथिंबिरीशी त्यांचं काही नातं आहे असं वाटतच नाही. त्यांच्या मधून पुढचं पान येतं तेव्हा कुठे कडेला कातर दिसते, आणि ते चुरडून पाहायचा मोह आवरत नाही.

उत्पन्नाचं विचाराल तर सांगण्यासारखं नाही. मेथीच्या एका खोक्यातून दोघींपुरती भाजी निघते, मिरच्या फोडणीपुरत्या. टोमॅटोला चांगलं ऊन लागतं, शिवाय त्याचा पराग नळीत बंद असतो, फूल थरथरल्याशिवाय बाहेर पडत नाही. मोठे भुंगे हे काम गुणगुणत करतात. चौथ्या मजल्यावर ते येतीलच असं नाही, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास मी देठाला टिचक्या मारत हिंडते. सासूबाई हसतात. "आमच्या बांधावर ह्याच्याहून जास्ती उगवायचं, ते गुरं खायची."

'विपुलाच सृष्टी' लिहिणारे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर शेतीचा हिशेब पानावर पडणाऱ्या उन्हापासून मांडत. ते वाचल्यापासून मी टोपली मोजायचं सोडलं आणि फरशीवर खडूने उन्हाची कड आखायला लागले. माती विकत मिळते, पाणी नळाला येतं (पुण्यात हेही जपूनच म्हणावं), ऊन तेवढं वाट्याला येईल तितकंच.

त्यातही वाटेकरी आहेत. कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालून जातं. अळी लहान असताना हुबेहूब चिमणीची शिट, कुणाला खावीशी वाटणार नाही अशी. मोठी झाली की गुबगुबीत हिरवीगार. बोट लावलं तर मानेमागून दुटोकी, केशरी-लाल शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. अंगठ्याएवढाही जीव नाही, पण त्या क्षणी मी मागे सरते. पहिल्यांदा मी तिला उचलून टाकायला निघाले तर सासूबाईच म्हणाल्या, "खाऊ दे की. फोडणीला दोन पानं लागत्यात."

समोरची तीन मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. ती पाडल्यावर मोकळं आभाळ मिळालं. आता तिथे बारा मजले उठणार. तक्रार करायला तोंड नाही. तिथले आजी-आजोबा वर्षानुवर्षं गुडघे धरून जिने चढले, त्यांना लिफ्ट मिळतेय. पण २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. ज्या उन्हावर आमची रब्बी उभी आहे, नेमकं तेच त्या बारा मजल्यांआड जाईल. ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीअखेर थोडं डोक्यावरून येईल, तेवढंच.

सध्या तिथे दुसरा स्लॅब पडला आहे. साइटच्या कुंपणाचा पत्रा दिवसभर तापतो, आणि वॉचमनच्या बायकोने त्यावर लाल भोपळ्याचा वेल चढवला आहे. ना कुंडी, ना कोकोपीट. सिमेंटच्या गोण्या हलवल्या त्या जागी आळं केलेलं. परवा मी मिरचीची जास्तीची रोपं घेऊन खाली गेले.

"लावा की ताई हितंच. ऊन लई हाय."

तिनेच खुरप्याने खड्डे केले, मी रोपं धरली. निघताना तिने वेलावरची नर फुलं खुडून पदरात दिली. सासूबाईंनी त्यांची भजी तळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "टोमॅटोची बी ठेव तिच्यात. आन् तिला इचार, गवारीचं बी हाय का."