ध्वजदिनाची पावती

बेलापुरात वाढलेल्या माणसाला फौज परकी नसते. प्रवरेकाठच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. नगरला चिलखती दलाचं केंद्र, त्यामुळे शाळेच्या सहलीत रणगाडा संग्रहालय ठरलेलं. तरीही एक वाक्य माझ्या डोक्यात बरीच वर्षं पक्कं होतं: सैनिक पगार घेतो, जोखीम हा त्या नोकरीचाच भाग आहे. दर 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाची पावती टेबलावर आली की मी पैसे द्यायचो, पण वैतागून. सरकारचं काम सरकारनं करावं, असं चारचौघांत म्हणायचो. त्याला मी विवेक समजत होतो. खरं तर तो कद्रूपणा होता.

ओळखीतल्या एका वीरपत्नीला मुलाच्या शिक्षणासाठी मदतीचा अर्ज करायचा होता. कागदपत्रं लावून द्यायला मी त्यांच्याबरोबर नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण... मी एकेक रकाना विचारत गेलो, वहिनी न अडखळता सांगत गेल्या. तिसऱ्या रकान्याला माझाच हात थांबला. निघताना त्यांनी शंभराची नोट काढून ध्वजनिधीत दिली.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कशाला? हा निधी तुमच्यासाठीच आहे ना?"

"माझी पेन्शन चालू आहे, भाऊ. काहींचं फार वाईट चाललंय. खडकीला तर पोरं व्हीलचेअरवर आहेत."

मला बोलता येईना. ज्या घरानं सगळ्यांत जास्त दिलं, ते घर अजून देत होतं आणि मी पावतीवर कुरकुरत होतो. परतीच्या एसटीत माझं जुनं वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासलं. पगार कामाचा असतो. बापाविना वाढणाऱ्या पोराची भरपाई कुठल्या वेतनश्रेणीत बसते? व्यवहार सैनिक आणि सरकार यांच्यातला आहे असं धरून मी स्वतःला सोयीस्कर वगळलं होतं. राखण मात्र माझीही होत होती.

मग ध्वजदिनाची माहिती मी पहिल्यांदाच नीट वाचली. 1949 पासून हा दिवस पाळला जातो, तो नागरिकांनी आपला वाटा उचलावा म्हणूनच. या निधीतून सैनिकांच्या विधवांना, मुलांच्या शिक्षणाला, हलाखीतल्या वृद्ध माजी सैनिकांना मदत मिळते. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी असलेल्या खडकीच्या पुनर्वसन केंद्रालाही त्यातून हातभार लागतो.

युद्धाचा जयजयकार मला आजही रुचत नाही. पण त्या आडून हुतात्म्याच्या घराकडे पाठ फिरवणं मी सोडलं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर 25,000 हून अधिक नावं कोरलेली आहेत. नावं कोरणं सरकारला जमतं. घराची विचारपूस गावालाच करावी लागते.

म्हणून येत्या 7 डिसेंबरला पावतीची वाट पाहू नका, आपणहून द्या. आणि गावात वीरमाता किंवा वीरपत्नी असेल, तर तिचा एखादा अर्ज अडलाय का, एवढं विचारून या.