चेटकीण कुणाची?

मुलांच्या गोष्टीतली जादू फार सरळ असते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली, २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी पुन्हा रंगवलेली. दुष्ट कोण हे तिच्या अवताराकडे बघूनच कळतं! ती हरते आणि पोरं टाळ्या पिटत घरी जातात. लहान वयात भीतीला असा चेहरा मिळणं चांगलंच की.

मोठ्यांच्या गोष्टीत तो चेहरा पुसट होत जातो. 'तुंबाड' (२०१८) बघताना मला हस्तरपेक्षा त्याच्या मोहरांसाठी पुन्हा पुन्हा खाली उतरणाऱ्या विनायकची जास्त भीती वाटली. हॅरी पॉटरही वाचकाबरोबर असाच मोठा होतो. पहिल्या पुस्तकात (१९९७) कांडी आणि उडते झाडू. सहाव्यात (२००५) कळतं, की वोल्डेमॉर्टनं मरण चुकवण्यासाठी खून करून स्वतःच्याच आत्म्याचे तुकडे केलेत. म्हणजे जादू तीच, पण तिचं मूळ आता माणसाच्या हावेत आणि भीतीत.

आता बुलढाणा जिल्ह्यात बसून मी हे का लिहितेय? कारण आमच्याकडे 'करणी' हा शब्द फक्त पुस्तकातला नाही. घरातलं दुखणं हटेना, म्हैस आटली, की "कोणीतरी केलं" अशी कुजबुज सुरू होते. आणि हे 'कोणीतरी' म्हणजे बहुतेकदा एकटी राहणारी एखादी म्हातारी. गंमत बघा, भलीमोठी माणसं इथे मुलांच्या गोष्टीतली जादू खरी धरून बसतात. चेटकीण शोधा, हाकला, सुटलो! फक्त या गोष्टीच्या शेवटी टाळ्या वाजवाव्यात असं काही नसतं.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्येच जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणाला करणी करणारी ठरवून छळणं गुन्हा झाला. पण मनातल्या संशयाला कायदा कुठवर पुरणार? तिथे गोष्टच लागते. आपल्या घरातली भीती आपण शेजारणीच्या दारात नेऊन टाकतो, हे दाखवणारी.

माझा भाचा यंदा आठवीत आहे. परवा त्यानं कपाटातलं नारायण धारपांचं पुस्तक मागितलं. ताई म्हणाली, "एवढ्यात नको गं, रात्रभर झोपायचा नाही."

नाही झोपला तरी चालेल. मी दिलं.