डाळ शिजते ते पाणी

आमच्याकडे पाणी पारखायची रीत एकच. तुरीची डाळ लवकर शिजली की विहीर चांगली, वेळ लागला की पाणी जड. पण राखेचं पाणी या परीक्षेत पकडल्या जात नाही.

वीज केंद्रात जळणाऱ्या देशी कोळशात शंभरातले तीस-चाळीस भाग राखच. खापरखेड्याची राख पाण्यात कालवून पाइपानं वारेगावच्या राखबंधाऱ्यात सोडतात. वरचं पाणी नदीकडे गेलं तर दिसते. खाली मुरलेलं कोणाला दिसते? 2021 साली मंथन अध्ययन केंद्र आणि सोबतच्या संस्थांनी कोराडी-खापरखेड्याच्या आसपासचं पाणी तपासलं. काही ठिकाणी पारा, आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

शेजारची सून म्हणते, "काकाजी, आम्ही उकळून पितो ना." बाई, आर्सेनिक उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, ते गंजातच राहते, उलट दाट होते. त्याले ना रंग, ना वास. लेकराच्या ग्लासात आहे की नाही, हे मायलेही कळत नाही.

बांगलादेशात आर्सेनिकचे हातपंप लाल रंगवले, चांगले हिरवे. शाळा न शिकलेल्यालेही समजलं. ग्रामसभेत मी हेच मागतो: दर पंपाची तपासणी, पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा; आणि निकाल मराठीत, पंपापाशीच लिहून.